उलट्या आट्यांची सायकल

आर्तेमिओ झोफ्फोलीला सायकलीबद्दल काही विचारायचं, तर आधी चार शब्द ऐकून घ्यायची तयारी लागते. इटलीतल्या आमच्या कास्तेल्मोरो गावात हे पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तरी सगळे त्याच्याकडेच जातात. दुकान पुलाला लागून आहे. दाराशी एक लाकडी बाक, बाकावर सकाळपासून तीन-चार म्हातारे. दुकानाला पाटी नाही आणि तिची गरजही नाही, कारण मालकाचा आवाज चौकापर्यंत ऐकू येतो.

वय चौऱ्याहत्तर. बुटका, छाती पुढे काढून चालणारा, बोटं इतकी जाड की त्या बोटांनी तो चाकातले बारीक छर्रे कसे उचलतो हे एक कोडंच आहे. तरुणपणी शर्यतींत उतरायचा, जिंकला कधीच नाही, आणि का जिंकला नाही याची कारणं त्याच्याकडे आजही तयार असतात. त्याच्या लेखी सायकल म्हणजे पोलादी फ्रेमची, वाकड्या हँडलची, खालच्या नळीवरच्या दोन खटक्यांनी गिअर बदलायची. हल्लीच्या काळ्या, हलक्या सायकलींना तो प्लास्टिकच्या बादल्या म्हणतो. पंक्चर मात्र त्यांचंही काढतो.

त्याच्या दुकानात प्रश्न कसे सुटतात ते सांगतो. पाववाला आला आणि म्हणाला, गुडघा पुढून दुखतो. आर्तेमिओ मान वर न करता म्हणाला, सीट खाली आहे. पाववाला वैतागला. मागच्या खेपेला गुडघा मागून दुखत होता, तेव्हा तूच म्हणालास की सीट वर आहे, खाली घे. त्यावर आर्तेमिओने हातातला पाना ठेवला. "मी बोटभर म्हटलं होतं. तू चार बोटं घेतलीस. पिठात मीठ पण असंच घालतोस का?"

नेरिओची गंमत तर वेगळीच. नेरिओ हा बाकावरचा कायमचा गडी, आर्तेमिओचा शाळेपासूनचा दोस्त आणि तेव्हापासूनचाच छळवादी. त्याच्या सायकलीतून पायडल मारताना कट्कट् आवाज यायचा. क्रँकचा, म्हणजे पायडलांच्या मधला, एक्सल गेला, तो बदल, असं टुमणं त्याने लावलं होतं. आर्तेमिओने त्याला पुलापर्यंत उभं राहून सायकल मारायला लावली, तर आवाज गायब. सीटचा दांडा बाहेर काढला, पुसला, ग्रीस लावून परत बसवला, झालं. "आवाज तुझ्या बुडाखाली, आणि तू शोधतोयस पायात," एवढंच बिल झालं. आणखी एकाने नवी चेन घातली आणि ती जोर दिला की सटकायला लागली. त्याला आर्तेमिओने समजावलं की मागचे दात जुन्या चेनबरोबर झिजले आहेत. सासू जुनी आणि सून नवी, पटणार कसं, दोन्ही बदल. हे आतून योलेने, म्हणजे त्याच्या बायकोने, ऐकलं. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.

पण त्याचा खरा राग दुसऱ्याच्या मापाच्या सायकलींवर. तरुण पोरं कुठूनतरी जुनी सायकल उचलून आणतात. रंग छान, नाव छान, आणि फ्रेम दोन मापं मोठी. मग हात आखडतात, मान धरते, कंबर जाते, आणि खापर सायकलीवर फुटतं. नाचता येईना अंगण वाकडं. आर्तेमिओचा नियम असा की फ्रेमच्या वर सीटचा दांडा मूठभर दिसला पाहिजे. त्याहून कमी दिसला तर सायकल तुझी नाही, परत कर. या नियमाला त्याने कधी अपवाद केला नाही. पाद्र्यालाही नाही.

तर असा हा माणूस, आणि त्याची सून इंग्रज.

मुलगा मिर्को काही वर्षं लीड्समध्ये नोकरीला होता, तिथे हेझल भेटली. आता दोघं जवळच्या फाएन्झा शहरात राहतात. तो फरशीच्या कारखान्यात, ती इंग्रजी शिकवते. दर रविवारी जेवायला इकडे. हेझल सावकाश, पुस्तकासारखं शुद्ध बोलते आणि सासऱ्याला अजून तुम्ही म्हणते. आर्तेमिओ भरभर बोलतो, त्यातलं अर्धं गावच्या बोलीत, आणि समोरच्याला कळलं का हे बघायची त्याला सवय नाही. दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला लागतं तेवढं बोलणंच झालं नव्हतं.

तिचे वडील क्लिफर्ड हॉलरॉइड बस चालवायचे. आर्तेमिओ या व्याह्याला एकदाच भेटला, लग्नात. एकाला दुसऱ्याची भाषा येईना. शेवटी दोघं बाहेर गेले, कुणाची तरी सायकल खांबाला टेकलेली होती, तिचे ब्रेक दाबून बघत, चाकं फिरवून बघत अर्धा तास उभे राहिले, आणि हसत आत आले. आर्तेमिओने तेव्हा घरी सांगितलं होतं की व्याही समजूतदार आहे.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात क्लिफर्ड वारले. त्यांची स्वतःची सायकल होती, तरुणपणी लीड्सच्या एका कारागिराकडून मापावर बनवून घेतलेली, गडद निळी. ती त्यांच्या परसातल्या गळक्या खोपटात तशीच पडून राहिली. हेझलला तिथे जायचा धीर होईना. सगळा पावसाळी वसंत गेला, उन्हाळा गेला, हिवाळा आला. शेवटी मिर्को गाडी घेऊन गेला आणि सायकल, तिच्या हत्यारांच्या खोक्यासकट, घेऊन आला.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी जुन्या सायकली निघतात. लोकरी जर्सी घालून, टेकड्यांतल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरून फिरून दुपारी परत. पुलावर एकेकाला सोडताना नाव पुकारतात, पण ते चालवणाऱ्याचं नसतं. ज्याच्यासाठी ती सायकल बनली त्याचं असतं. बरीचशी नावं आता कबरस्तानातली आहेत. लोक पुलावर ती ऐकायलाच येतात.

हेझलने जूनमधल्या एका रविवारी जेवताना सांगितलं की ती या वर्षी वडिलांची सायकल घेऊन निघणार आहे. आर्तेमिओने ती दुकानात आधीच पाहिली होती. सून काही बुटकी नाही, पण क्लिफर्ड म्हणजे ताडमाड. सीट पूर्ण खाली बसवली तरच तिचे पाय पुरणार होते.

"ती तुझी सायकल नाही," तो म्हणाला. "तुला मी तुझ्या मापाची बांधून देतो. ही भिंतीवर टांगा, छान दिसेल."

हेझलने काटा ताटात ठेवला. "मला ती टांगायची नाही. बाबांचं नाव पुकारतील तेव्हा मला तिच्यावर बसलेलं असायचंय."

मिर्को ताटातले कापेल्लेत्ती पास्त्याचे तुकडे मोजल्यासारखा खाली बघत राहिला. योले नवऱ्याला म्हणाली, दुरुस्त करून दे तिला, उगाच फाटे फोडू नकोस. आर्तेमिओ पुटपुटला की दांडा दिसणार नाही, अंड्यावर बसलेली कोंबडी दिसेल, आणि बाकावरचे लोक मला हसतील. पण देतो म्हणाला.

जुलैत त्याने सायकल खोलायला घेतली. सकाळी बाक भरलेला होता, आणि श्रोते दिसले की आर्तेमिओला चेव येतो. क्रँकचा एक्सल फ्रेमच्या खालच्या जाड नळीत फिरतो. त्या नळीच्या दोन्ही तोंडांना आट्यांवर बसवलेले दोन कप असतात, त्यांच्या आत छर्रे. आपल्या इटालियन सायकलीत दोन्ही कपांचे आटे सुलटे. पण इंग्रजांचा उजवा कप उलट्या आट्यांचा, हे त्याने बाकाला खुलवून खुलवून सांगितलं. गाडी डावीकडून चालवतात, चहात दूध घालतात, मग आटे तरी सरळ कसे असतील. आपला कप डावीकडे फिरवला की सुटतो, त्यांचा उजवीकडे. डावीकडे फिरवाल तर आणखी आवळेल, आणि जोर लावाल तर नळीतले आटेच खरवडून निघतील, मग फ्रेम मेली. विसराल तर मराल, असं म्हणून त्याने पाना हवेत उजवीकडे फिरवून दाखवला. नेरिओने टाळ्या वाजवल्या.

मग दुपार झाली. तो घरी गेला, जेवला, पेलाभर वाइन घेतली, डुलकी काढली. परत आला तेव्हा ऊन तापलेलं, बाक रिकामा. फ्रेम पकडीत बसवलेली होतीच. त्याने उजव्या कपावर मोठा पाना चढवला आणि हात निघाले डावीकडे.

डोक्याला माहीत होतं, हातांना नव्हतं. हातांनी चव्वेचाळीस वर्षं उजवा कप डावीकडेच सोडला होता. इंग्रजी सायकल या दुकानात त्याआधी आलीच नव्हती. शिवाय आमच्या सुलट्या आट्यांना एक खोड आहे. उजवा कप चालता चालता आपोआप सैल होतो, म्हणून आमचे कारागीर तो जीव खाऊन आवळतात, आणि सोडताना तेवढाच जोर लावायची सवय असते. कप हलेना तेव्हा आर्तेमिओला वेगळं काही वाटलं नाही. तेल सोडलं, थोडं थांबला, पान्याच्या दांड्यात हातभर लांबीचा पाइप घातला आणि सगळं वजन टाकलं. करकर असा आवाज आला आणि पाना एकदम हलका झाला.

तो हलकेपणा त्याने ओळखला. कप हाताने बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर नळीतले आटे, चकचकीत तारांच्या गुंतवळीसारखे. गंज कुठेच नव्हता. कपाच्या आत हिरवं ग्रीस होतं, लोण्यासारखं मऊ. कुणीतरी वर्षानुवर्षं मन लावून ते बदलत आलं होतं.

आर्तेमिओने दुकानाचं दार आतून लावून घेतलं, जे उन्हाळ्यात तो कधी करत नाही, आणि स्टुलावर बसून राहिला. सकाळचं आपलंच बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. आटे पाडायचं काम त्याने आयुष्यभर केलं होतं, पण आटे घालवायचं काम पहिल्यांदाच, आणि तेही मेलेल्या व्याह्याच्या सायकलीचे.

हळूहळू दुसरा विचार आला. पाहिलं कुणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जुनी सायकल, इंग्लंडची ओल, आत गंज चढला होता, हात लावताच नळी गेली, असं म्हटलं तर कोण तपासणार आहे. आणि यात आणखी एक सोय होती, जिच्यामुळे तो विचार जास्तच गोड वाटायला लागला. टांगा भिंतीवर, हे त्याने आधीच सांगितलं होतं. म्हणजे तो चुकला तर नव्हताच, उलट त्याचंच खरं ठरणार होतं. त्याने कप चिंध्यात गुंडाळून खणात टाकला. संध्याकाळी नेरिओने विचारलं, काय रे, इंग्रज सुटला का? आर्तेमिओ म्हणाला, बघू, आणि आत निघून गेला. चोराच्या मनात चांदणं. नेरिओने सहज विचारलं होतं, पण त्याला वाटलं की हा सगळं जाणून आहे.

रविवारी जेवणावर त्याने सांगून टाकलं. आधी सगळ्यांचं खाऊन होऊ दिलं. मग टेबलाच्या कडेला बघत म्हणाला, ती सायकल काही होत नाही. आत गंज होता, आटे गेले. कधीकधी होतं असं.

मिर्को म्हणाला, बाबा, काहीच करता येणार नाही? आर्तेमिओने खांदे उडवले. योलेने त्याच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत तिने त्याला सायकलीबद्दल इतकं थोडं बोलताना पाहिलं नव्हतं.

हेझल रडली नाही. ती हातातला पावाचा तुकडा कुस्करत राहिली. मग तिच्या त्या शुद्ध, सावकाश बोलीत म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे झालं. बाबा दर नोव्हेंबरला ती स्वयंपाकघरात आणायचे. खाली वर्तमानपत्र घालून सगळं खोलायचे, ग्रीस बदलायचे. आई चिडायची. त्यांनी इतकी वर्षं सांभाळली, आणि मला एक वर्ष जमलं नाही. मी तिला त्या गळक्या खोपटात ठेवली."

योले म्हणाली, असं नको म्हणू. हेझल म्हणाली, खरं तेच म्हणतेय. आणि ती आवरायला उठली.

आर्तेमिओने आपल्या खोटेपणाचे सगळे हिशेब केले होते, पण हा केला नव्हता. त्याला वाटलं होतं की दोष गंजावर जाईल, आणि गंज काही कुणाचा कुणी लागत नाही. तो दोष या पोरीने उचलून आपल्या डोक्यावर घेतला, आणि आता ती तो जन्मभर वाहणार, हे त्याला तिथे बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. त्याला स्वतःची किळस आली.

"बस खाली," तो म्हणाला. हेझल थाळ्या हातात घेऊन उभीच राहिली.

"गंज नव्हता. कणभर नव्हता. तुझ्या बापाचं ग्रीस लोण्यासारखं होतं. मी कप उलटा फिरवला."

योलेचा हात बाटलीवर होता, तो तिथेच थांबला.

"सकाळी त्या चार टाळक्यांना मीच शिकवलं होतं, उजवीकडे फिरवायचा म्हणून. दुपारी मी डावीकडे फिरवला. पाइप लावून फिरवला. आणि मग तुझ्याशी खोटं बोललो."

मिर्कोला हसू आलं असावं, पण त्याने ते गिळलं. हेझलने थाळ्या खाली ठेवल्या. तिचा चेहरा लाल झाला होता आणि शब्द पहिल्यांदाच अडखळले.

"तुम्ही कधीच कुणाला विचारत नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांच्या खोक्यात त्या सायकलीची हत्यारं होती. कुठलं कुठे लागतं ते मी सांगितलं असतं. मी लहानपणी बॅटरी धरून बसायचे त्यांच्याजवळ. तुम्ही विचारलं नाहीत. मापही तुम्हीच ठरवलंत, टांगायचंही तुम्हीच ठरवलंत. चार वर्षांत तुम्ही मला एक प्रश्न विचारलेला नाही."

मिर्को म्हणाला, जाऊ दे ना हेझल, आणि लगेच त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. ती एकटीच बाहेर गेली. पुलावर जाऊन उभी राहिली. योलेने टेबल आवरताना नवऱ्याला एवढंच ऐकवलं, की बोललास ते बरं केलंस, पण आधी बोलला असतास तर जेवण तरी गोड लागलं असतं.

थोड्या वेळाने आर्तेमिओ पुलावर गेला. जाताना खणातून तो चिंध्यातला कप घेऊन गेला. तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभा राहिला आणि कप तिच्या हातात दिला. तिने चिंधी सोडून आतलं हिरवं ग्रीस बोटावर घेतलं आणि अंगठ्याने चोळून पाहिलं.

"एक उपाय आहे," तो म्हणाला. "तो करावा का, हे तू सांग."

उपाय असा होता. इंग्रजी आटे गेले ते गेले, त्याच मापाचे परत पाडता येत नाहीत, धातूच उरलेला नाही. पण आमचं इटालियन माप थोडं मोठं असतं. नळी आतून किंचित कापून मोठी करायची आणि त्यात आमचे सुलटे आटे पाडायचे. पक्कं काम होईल, तुझ्या नातवंडांना पुरेल. मात्र इंग्रजी कप त्यात पुन्हा कधी बसणार नाही. तुझ्या बापाने जी बनवून घेतली तशी ती राहणार नाही. हे सांगताना त्याने हातवारे केले नाहीत, आणि बोलीतले शब्द टाळून सावकाश बोलला.

हेझलने विचारलं, "नाही केलं तर?"

"तर भिंत."

ती खाली नदीकडे बघत होती. नदीला जुलैत पाणी नसतंच, दगडच असतात. "आणि तुमच्या आट्यांचं चांगलं काय?"

खरं सांगायचं तर इंग्रजांचंच डोकं चांगलं चाललं होतं. त्यांचा उजवा कप उलटा असतो म्हणूनच तो चालता चालता सैल होत नाही. "काही नाही," तो म्हणाला. "आमचा सैल होतो. मधूनमधून आणून आवळून घ्यावा लागेल."

हेझलने कप चिंधीत परत गुंडाळला. "कापा," ती म्हणाली. "पण मी तिथे असणार."

त्या शनिवारी ती आली, वडिलांचा जुना एप्रन घालून. आर्तेमिओने दुकानाचं दार उघडंच ठेवलं. बाक भरलेला होता. तो बाहेर आला आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून कपाळावर हात धरून त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, काय झालं ते, डावीकडे कसं फिरवलं ते, पाइपसकट. क्षणभर कुणाला खरं वाटेना. मग नेरिओ इतका हसला की त्याला ठसका लागला आणि पाववाल्याने पाठ चोळली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून नेरिओने डोळे पुसले. पुढे महिनाभर आर्तेमिओ चौकातून जायला निघाला की कुणीतरी ओरडून विचारायचं, कुठे निघालास, डावीकडे की उजवीकडे? त्याने शिव्या दिल्या, पण मनापासून नव्हे.

आत काम सुरू झालं. दोन्ही तोंडांतून एकाच रेषेत टॅप, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, चढवायचे, तेल सोडायचं, पाव फेरा पुढे, तेवढाच मागे, निघालेला धातूचा कीस पुसायचा, परत तेल. घाई केली तर टॅप अडकतो. एक दांडा आर्तेमिओच्या हातात, दुसरा हेझलच्या. प्रत्येक फेऱ्याआधी तो दिशा मोठ्याने म्हणायचा आणि ती मान हलवेपर्यंत थांबायचा. ती एकदा म्हणाली, आता म्हणायची गरज नाही, मला कळलं. तो म्हणाला, तुला कळलं, माझ्या हातांना कळू दे. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंनी आटे पडले. नवा कप हाताने शेवटपर्यंत फिरत गेला, कुठेही न अडता. हेझलने खोक्यातला ग्रीसचा अर्धा उरलेला डबा काढला, हिरवा, आणि ते काम मात्र तिने स्वतः केलं. आर्तेमिओ हात पुसत बाजूला उभा राहिला.

मग राहिलं माप. सीट जेवढी खाली जाईल तेवढी घेतली, तरी टाचा पायडलला जेमतेम टेकत होत्या. पुढे हँडल लांब पडत होतं. एरवी आर्तेमिओने एक नजर टाकून निकाल दिला असता. या वेळी त्याने तिला सायकलीवर बसवलं, दाराची चौकट धरायला लावली आणि विचारलं, कुठे ओढ बसतेय? ती म्हणाली, खांद्यात नाही, तळहातात. त्याने सीटचं खाली झुकलेलं टोक केसभर उचललं आणि विचारलं, आता? हँडल धरणारा पुढचा तुकडा बदलून खणातला सगळ्यात आखूड लावला आणि परत विचारलं. असं बराच वेळ चाललं. बाहेरून नेरिओ आत डोकावला आणि बाकावर जाऊन म्हणाला, आर्तेमिओ प्रश्न विचारतोय, पाऊस पडेल बहुतेक.

पाऊस काही पडला नाही. सप्टेंबरभर हेझल संध्याकाळी सराव करत राहिली. दोनदा उजवा कप सैल झाला, दोनदा ती घेऊन आली. दुसऱ्या वेळी कप आवळून झाल्यावरही ती दुकानात बसून राहिली, आर्तेमिओ एका माणसाला शिव्या देत होता त्या ऐकत, आणि नंतर त्यातल्या एका शिवीचा अर्थ तिने योलेला विचारला. योले अर्थ सांगेना, हसतच राहिली.

ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडला. पुलावर गर्दी, लोकरीचा आणि तेलाचा वास, हातगाडीवर पियादिना रोट्या भाजल्या जात होत्या. एकेक नाव पुकारलं जात होतं. कुणाचा आजा, कुणाचा भाऊ, कुणी अजून जिवंत असून काठी टेकत ऐकायला आलेला. पुकारणाऱ्याला परकं नाव झेपलं नाही. "क्लीफोर्द ओलरोईद," तो म्हणाला, आणि मग कागद जवळ धरून पुन्हा एकदा तसंच म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ओळख नसताना वाजवतात तशा, जरा जास्तच. हेझल वडिलांच्या फिकट जर्सीत होती, बाह्या दुमडलेल्या. तिने हात वर केला आणि निघाली.

आर्तेमिओ बाकाजवळ उभा होता. त्याचे कान उजव्या कपाकडे होते. काही वाजत नव्हतं. ती पुलाच्या चढावर उभी राहून पायडल मारू लागली तेव्हा त्याने श्वास सोडला.

सीटचा दांडा अर्थातच दिसत नव्हता. नेरिओ ही संधी सोडणारा नव्हे. तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आर्तेमिओ, आयुष्यभर आमची डोकी खाल्लीस. आणि तुझ्या सुनेची सायकल बघ, दोन मापं मोठी आहे."

आर्तेमिओने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो वळणापर्यंत तिच्याकडेच बघत होता.

"बापाची आहे," तो म्हणाला. "मोठीच असणार."